बारा राशी पायाखाली

माझा ज्योतिषावर विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर तुम्ही विचारणारच, आणि तेव्हा मला इतक्या ठामपणे सांगता यायचं नाही.

माझा विश्वास आहे तो पडण्यावर. मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो. लोकांना वाटतं, माणसं आगीत सापडतात, गाड्यांखाली येतात. माझ्या टेबलावर येणारी माणसं न्हाणीघरात साबणावरून घसरलेली असतात. जिना संपला असं समजून त्यांनी शेवटची पायरी चुकवलेली असते, नाहीतर पायपुसण्याच्या दुमडलेल्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा अडकलेला असतो. वर्षानुवर्षं हेच वाचल्यावर माणूस चालेल कसा? बायको म्हणते, मी पाऊल टाकण्याआधी जमिनीची परवानगी घेतो. म्हणू दे. आमच्याकडे पायपुसणं नाही, सतरंजी नाही, साबण दोरीला बांधलेला आहे, आणि स्टुलावर चढायचं असेल तर दुसऱ्याने ते खालून धरायचं असा नियम आहे. त्यामुळे जळमटं बरीच आहेत.

आणि एवढं सगळं करून माझे वडील पडले ते घराबाहेर, इमारतीच्या लॉबीत. आमच्या लिफ्टमधून बाहेर आलं की डाव्या हाताला रस्त्याचं दार, उजव्या हाताला विजेच्या मीटरची खोली आणि समोर तळमजल्याच्या दोन घरांची दारं. मध्ये चकचकीत, गुळगुळीत फरशी. बाबा सकाळी फिरायला निघाले होते, कुणीतरी नुकतंच पुसून गेलं होतं, आणि बाबा तिथे बसले. आपल्या इच्छेने नव्हे. मनगट मोडलं. यथावकाश ते जुळलंही, पण बाबा त्यानंतर खाली उतरले नाहीत. खिडकीशी खुर्ची ओढून जे बसले ते बसलेच.

एक दिवस डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. डॉक्टरांनी बाजूला घेतलं की मी आधी टेकायला खुर्ची शोधतो, मग ते फक्त घड्याळात किती वाजले हे का सांगेनात. ते म्हणाले, हात उत्तम आहे, पाय मात्र चालले. या वयात माणूस बसला की आधी मांड्या जातात, मग छाती भरते. आणखी काही महिने असेच बसले तर मग उठवूनही उठायचे नाहीत. मी घरी येऊन बाबांच्या पायांकडे पाहिलं. पायजम्यात पाय आहेत की नाहीत अशी शंका यावी इतके ते बारीक झाले होते, आणि रोज समोर असून माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. मला फार भीती वाटली. दाव्यांचे कागद वाचताना वाटते ती ही भीती नव्हती.

मी म्हणालो, बाबा, खाली चला. ते म्हणाले, "त्या फरशीवर मी पाय ठेवणार नाही. ती बदल, मग बघू." मुलाला गप्प करण्यासाठी आपण बोलतो तशातलंच ते बोलणं होतं, हे मला कळत होतं. पण मी पडलो इमारतीचा सेक्रेटरी. फरशी बदलणं आपल्या हातात आहे असं मला वाटलं, आणि तिथेच मी फसलो.

सामायिक जागेत काहीही बदलायचं तर बाराही घरांची संमती लागते. आमचे अध्यक्ष आयुष्यभर कोर्टात कारकून होते आणि अजूनही "नियमाप्रमाणे" म्हटल्याशिवाय पाणीसुद्धा मागत नाहीत. त्यांनी हे मला पुन्हा पुन्हा बजावलं. खडबडीत फरशी हवी, यावर कुणाचं दुमत नव्हतं. भांडण रंगावरून होतं. तळमजल्यावरच्या मावशींना हिरवी हवी होती, डोळ्यांना गार वाटते म्हणून. अध्यक्षांना राखाडी, मळ दिसत नाही म्हणून. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, लग्न केलेलं नाही, आणि गच्चीवर दुर्बीण मांडलेली आहे, म्हणून आम्ही त्यांना दुर्बीणवाले म्हणतो. त्यांना काळी हवी होती. सभा भरायची, चहा यायचा, चहा संपला की सभा संपायची. इकडे बाबांचे पाय रोज थोडे थोडे कमी होत होते.

तिसऱ्या सभेत माझा धीर सुटला. बारा घरांना एकदम खूश करील असं जगात काय आहे, असा विचार करत मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होतो, आणि तोंडातून निघून गेलं की बारा घरं आहेत तर बारा राशींचं चक्र करू, रंगीत खड्यांचं, प्रत्येक घराला एक रास. मग मावशी म्हणाल्या, छान दिसेल. चहा यायच्या आत बाराही सह्या झाल्या होत्या. आमच्या इमारतीत पाण्याच्या टाकीला भोक पडलं तेव्हासुद्धा एवढी एकजूट दिसली नव्हती. प्रत्येकाने मनातल्या मनात आपली रास सगळ्यात मोठी धरली होती, हे मला मागाहून कळलं.

राशी वाटायला बसलो तर इमारतीत पाच सिंह निघाले आणि कुंभ एकही नाही. शिवाय बहुतेकांकडे दोन-दोन राशी होत्या. जन्माच्या वेळी चंद्र कुठे होता त्यावरून एक, सूर्य कुठे होता त्यावरून दुसरी. आठवड्याचं भविष्य वाचून ज्या राशीचं बरं असेल ती त्या आठवड्यापुरती वापरायची. शेवटी ठरलं की राशी माणसांच्या नाहीत, जागेच्या. लिफ्टसमोर मेष, तिथून डावीकडे वृषभ, मिथुन, रस्त्याच्या दाराशी कर्क, असं करत चक्र फिरून यायचं. तळमजल्याच्या दोन दारांच्या मध्ये तूळ येत होती. मावशींच्या दाराशी कन्या, अध्यक्षांच्या दाराशी वृश्चिक, आणि मकर पार मीटरच्या खोलीजवळच्या अंधारात. मावशी म्हणाल्या, कन्या चालेल, दारात विंचू आला असता तर मी सही मागे घेतली असती. अध्यक्ष म्हणाले, नियमाप्रमाणे ते विंचवाला घाबरत नाहीत.

आता सेक्रेटरीने चार ओळी माहिती द्यावी, ती लिफ्टमध्ये लावावी, असं ठरलं. मी दुर्बीणवाल्यांकडून पुस्तकं आणली. राशी म्हणजे काहीतरी गूढ प्रकरण असणार अशी माझी समजूत होती. वाचतो तर काय, तो निव्वळ कारकुनी हिशेब निघाला. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या लोकांनी सूर्य वर्षभर आकाशातून ज्या वाटेने जातो तिचे सारखे बारा तुकडे केले, महिन्यांचा मेळ बसावा म्हणून. आधी त्या वाटेवर सतरा-अठरा चित्रं होती. पण महिने बारा, म्हणून चित्रंही बारा ठेवली आणि बाकीच्यांना निरोप दिला. सेक्रेटरी या नात्याने मला ते सगळं अगदी ओळखीचं वाटलं. ज्यांची चित्रं काढून टाकली त्यांनी केवढा गोंधळ घातला असेल, याचाच मी विचार करत होतो.

मी ते सगळं साध्या भाषेत लिहिलं. काही जुन्या लोकांच्या आकाशात तूळ नव्हती, त्या जागी विंचवाच्या नांग्या होत्या, हेही लिहिलं. सूर्याच्या वाटेत खरं तर तेरावा तारकासमूहसुद्धा येतो, साप धरून उभा असलेला एक माणूस, हेही. आणि पृथ्वी भोवऱ्यासारखी डुगडुगते, त्यामुळे या वाटेचं सुरुवातीचं ठिकाण हळूहळू मागे सरकतं, मेषेतून मीनेत आणि मीनेतून कुंभेकडे, हेही. माझा हेतू लोकांची भीती जावी असा होता. झालं भलतंच. लिफ्टमध्ये माणूस एकटा असतो, हलता येत नाही, आणि समोर तेवढंच वाचायला असतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या की त्यांच्या मुलीचं लग्न ज्या राशी जुळवून ठरलं त्या सरकल्या असतील तर आता काय करायचं. मावशींना तो साप धरलेला माणूस कुठे राहणार याची काळजी लागली. राशी बारा, घरं बारा, मग तेरावा गेला कुठे? मी म्हणालो, तो आकाशात आहे. त्या म्हणाल्या, सगळे तिथेच तर आहेत.

नगरपालिकेची परवानगी हा वेगळाच छळ. तिथल्या साहेबांनी मला विचारलं की ही जाहिरात आहे का. नाही. पुतळा आहे का? नाही. प्राणी आहेत म्हणता, ते पाळीव आहेत का? मी म्हणालो, राशी आहेत. त्यांनी खिडकीबाहेर बघत बराच विचार केला. राशी हा प्रकार त्यांच्या नियमांत नव्हता, आणि जे नियमांत नाही त्यावर सही केली तर वरचे साहेब काय म्हणतील, या भीतीने त्यांच्या कपाळावर घाम आला होता. इतका घाबरणारा माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटला, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली. अखेर तोडगा निघाला. चक्राच्या मधोमध एक बाण काढायचा, त्यावर "बाहेर" असं लिहायचं, बाण रस्त्याच्या दाराकडे दाखवायचा, म्हणजे सगळं मिळून दिशादर्शक चिन्ह झालं. सही मिळाली.

मिस्त्री गाठला तोही नावाजलेला. त्याची कामाची पद्धत मी कारखान्यात जाऊन बघितली. जाड कागदावर चित्र काढायचं, त्यावर खळीने एकेक खडा चिकटवायचा, खड्याची चांगली बाजू कागदाकडे. मग कागदाचे तुकडे करायचे, इमारतीत आणायचे, उचलून ओल्या सिमेंटच्या मालावर पालथे घालायचे. माल वाळला की कागद भिजवून सोलून काढायचा. मकर काढताना थोडा वाद झाला. दुर्बीणवाले म्हणाले, पुढून बकरा आणि मागून मासा. अध्यक्ष म्हणाले, मगर. मिस्त्रीने दोघांचा मान राखून जे काढलं ते चिडलेल्या कुत्र्याला शेपटीऐवजी मासा लावल्यासारखं दिसत होतं. पण ते मीटरच्या खोलीशी जाणार होतं, तेव्हा कुणी फार ताणलं नाही. मी दुर्बीणवाल्यांचा आकाशाचा नकाशा शेजारी धरून कागदावरचं चित्र तपासलं, पुन्हा तपासलं. मेष, वृषभ, मिथुन, सगळे आपापल्या जागी. बाण डावीकडे. कागदावर तिळमात्र चूक नव्हती. तो कागद पालथा पडणार आहे हे मला आणि मिस्त्रीलाही माहीत होतं, आणि त्याचा अर्थ दोघांच्याही डोक्यात शिरला नाही.

या काळात घरात एक गोष्ट घडली. बायकोने मला हळूच सांगितलं की आपण नसताना बाबा खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत चालतात. टेबल धरत, भिंत धरत, थांबत थांबत. कुणाची चाहूल लागली की परत खुर्चीत. मी ऑफिसला निघताना ते रोज सहज विचारल्यासारखं विचारत, झाली का फरशी? मला तोवर वाटत होतं की त्यांनी मला गप्प करायला तो शब्द दिला होता. ते तयारी करत होते. हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र ते भिंत सोडतात तो क्षण दिसायला लागला.

कागद सोलायच्या दिवशी सगळी इमारत लॉबीच्या कडेला जमली. मिस्त्रीने ओला स्पंज फिरवला आणि मधल्या तुकड्यापासून सुरुवात केली. कागदाखालून लाल खड्यांची अक्षरं आली. अक्षरं ओळखीची होती, पण वाचता येईनात. आरशात दिसावं तसं ते "बाहेर" होतं. आणि बाण रस्त्याच्या दाराकडे पाठ करून सरळ उजवीकडे, मीटरच्या खोलीकडे बोट दाखवत होता. त्या खोलीच्या दारावर वीज मंडळाची लाल पाटी आहे. तिच्यावर "धोका" लिहिलेलं आहे, आणि खाली कवटी आणि दोन हाडं.

मिस्त्रीचा हात तसाच थांबला. मग दुर्बीणवाले अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मधलं उलटं आलंय म्हणजे सगळंच उलटं असणार."

सगळंच उलटं होतं. एकेक कागद निघत गेला तसं माझ्या तोंडचं पाणी पळालं. कन्या अध्यक्षांच्या दाराशी जाऊन उभी राहिली, आणि मावशींच्या उंबऱ्याला नांगी उगारून विंचू. कर्क मीटरच्या खोलीशी गेला. रस्त्याच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याचं स्वागत करायला, तो मासा लावलेला चिडका कुत्रा. मी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, मी आजवर फुलंच केली. फुलाला डावं-उजवं नसतं."

त्या दिवसापासून इमारतीने चालणं सोडलं. लोक उड्या मारू लागले. स्वतःच्या राशीवर पाय द्यायचा नाही, हे प्रत्येकाने आपापलं ठरवून टाकलं. ज्यांच्या दोन राशी होत्या ते दोन्ही चुकवायचे. विंचू तर सगळेच चुकवायचे. पाठीचा पट्टा लावलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाई सिंहावरून उडी घेताना मी पाहिल्या आणि डोळे मिटून घेतले. अध्यक्षही उडायचे, पण आधी इकडेतिकडे बघून. माणसं घसरू नयेत म्हणून मी ही फरशी करून घेतली होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर वयस्क, सभ्य, कुटुंबवत्सल माणसं एका पायावर हवेत तरंगत होती. ऑफिसात मी अशा दाव्यांवर लाल शेरा मारतो.

मग गोष्टी घडू लागल्या. पाण्याचा पंप जळाला. मावशींचा दात तुटला. अध्यक्षांची स्कूटर बंद पडली ती पडलीच. पंप जुना होता, दातही जुना होता, आणि स्कूटर तर दोघांहून जुनी, हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. लोक शांतपणे ऐकून घेत आणि माझ्या तोंडाकडे कीव केल्यासारखं बघत. सूर्य उलटा फिरतोय खाली, असं कुणीतरी लिफ्टमधल्या माझ्या माहितीखाली पेन्सिलने लिहून ठेवलं.

एका संध्याकाळी मावशींनी मला दारात थांबवलं. रागाने नाही, मायेने. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात म्हातारं माणूस आहे म्हणून सांगते हो. तो बाण कवटीकडे आहे."

मी हसलो. हसत जिना चढलो, कारण लिफ्टपर्यंत जायचं तर त्या बाणावरून जावं लागलं असतं. घरात आलो तर बाबा खुर्चीत डुलकी घेत होते, आणि मी त्यांच्या नाकासमोर बोट धरून श्वास चालू आहे का ते बघितलं. माझा विश्वास नाही हे मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. पण भीतीला विश्वास लागत नाही, ती तशीच आत येते. बाबांनी डोळे उघडून विचारलं, झाली का फरशी? मी म्हणालो, माल वाळतोय अजून. ते म्हणाले, "फारच ओला माल दिसतोय."

तातडीची सभा झाली. फरशी उखडायची असा ठराव आला. मी उभा राहून बोललो. पुन्हा परवानगी, पुन्हा मिस्त्री, पुन्हा रंग, म्हणजे वर्ष जाईल, असं मी म्हणालो. माझ्या वडिलांकडे वर्ष नाही, हे मात्र मला म्हणता आलं नाही. मी पाणी मागितलं. चूक दुरुस्त करणं म्हणजे बदल नव्हे, त्याला नियमाप्रमाणे बहुमत पुरे, असं अध्यक्ष म्हणाले, आणि अकरा विरुद्ध एक असा ठराव पास झाला. उखडेपर्यंत ते उलटं चक्र कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरायचा, असंही ठरलं. गच्चीवर रंगकामाच्या वेळचा निळा कागद पडून होता. जमिनीवर प्लास्टिक. मी सभेत कपाळाला हात लावून बसलो, आणि अध्यक्षांनी ती माझी संमती धरली.

रविवारी सकाळी कागद घातला. मावशींनी एक टोक धरलं, अध्यक्षांनी दुसरं, दुर्बीणवाले चिकटपट्टी फाडून देत होते, आणि ती लावण्याचं काम सेक्रेटरीचं. लिफ्टसमोरचा कोपरा काही केल्या बसेना. चिकटपट्टी लावली की सुटायची आणि कोपरा वर दुमडून यायचा. मी रस्त्याच्या दाराशी उरलेली कड चिकटवत होतो, तेवढ्यात लिफ्ट वर गेली. लिफ्टच्या दारावरचे आकडे बघण्याची मला सवय आहे. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, आणि खाली यायला लागली.

दार उघडलं. बाबा उभे होते. बूट घातलेले, नाड्या बांधलेल्या, हातात काठी. मागे बायको. ती म्हणाली, "अहो, ऐकतच नाहीत."

आणि बाबांच्या पायांपुढे निळं, चकचकीत, गुळगुळीत प्लास्टिक, त्याचा दुमडलेला कोपरा बरोबर त्यांच्या अंगठ्यासमोर. हा दावा मी वाचलेला होता. कितीतरी वेळा वाचलेला होता. त्यांनी काठी पुढे टेकली, आणि काठी घसरली. थोडीच, वीतभर. त्यांनी लिफ्टच्या दाराची चौकट धरली. दार मिटायला आलं, त्यांच्या खांद्याला लागून परत उघडलं, पुन्हा मिटायला आलं.

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्याने आठवतं. मी गुडघ्यांवर होतो. मी कागद ओढत होतो, नखांनी, आणि एका ठिकाणी दातांनीसुद्धा. चिकटपट्टी निघत नव्हती. मावशी म्हणत होत्या, अहो, सभेत ठरलंय. अध्यक्ष नियमाप्रमाणे काहीतरी म्हणत होते. मी सगळा कागद गोळा करून भिंतीकडे ढकलला तेव्हा माझ्या शर्टाची बटणं तुटलेली होती आणि तोंडाला निळा रंग लागला होता. सेक्रेटरीच्या पदाची जी काही शान असते ती तिथे संपली. खाली बाराही राशी उघड्या पडल्या होत्या.

बाबांनी चौकट धरूनच वाकून फरशीकडे पाहिलं. मग म्हणाले, "सुरेख झालंय. झाकलं कशाला?"

शेवटी दुर्बीणवाले म्हणाले, "काका, उलटं झालंय ते."

"उलटं म्हणजे कसं?"

दुर्बीणवाल्यांनी बोट वर केलं. "आपण आकाश खालून बघतो. हे वरून बघितल्यासारखं झालंय. ताऱ्यांच्या पलीकडे उभं राहून कुणी खाली पाहिलं, तर त्याला राशी अशा दिसतील."

बाबांनी पुन्हा एकदा फरशी पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नवीन घरात सामान लावायच्या आधी माणूस खोली बघतो तसं. "मग चूक कुठे आहे," ते म्हणाले. "खालून मी खूप वर्षं बघितलं. आता थोड्या दिवसांनी तिकडूनच बघायचंय. ओळख असलेली बरी."

मावशींनी पदर तोंडाला लावला. इतके महिने ज्या गोष्टीचं नाव मी घेत नव्हतो, जिच्याभोवती मी फरशी, परवानगी, मिस्त्री, पंप असं सगळं रचत होतो, ती बाबांनी सगळ्यांसमोर, बूट घालून, हवापाण्याबद्दल बोलावं तशी बोलून टाकली होती. त्यांना भीती वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही. चौकट त्यांनी अजून सोडली नव्हती. पण ते भीतीला सोबत घेऊन खाली आले होते, आणि मी ती घरी ठेवायच्या प्रयत्नात होतो.

मग त्यांना बाण दिसला. बाणाच्या टोकापासून त्यांची नजर उजवीकडे गेली, मीटरच्या खोलीकडे, पाटीकडे, कवटीकडे. बाबा म्हणाले, "तिकडे जायचंच आहे. आज नाही. आज डावीकडे." आणि त्यांनी चौकट सोडली.

खडबडीत खड्यांवर बुटाचा करकर आवाज झाला. पाय घसरला नाही. दुसरं पाऊल. मेष, मग मीन. कुणाची रास कुठली याचा विचार न करता ते सगळ्यांवर सारखाच पाय देत होते. मी दोन्ही हात पसरून त्यांच्या मागे, त्यांना झेलायच्या तयारीत, वाकून चालत होतो. मेष, मीन, कुंभ, हे उलटं चालणं मी कुठेतरी वाचलंय असं वाटलं, आणि आठवलं की मीच ते लिफ्टमध्ये लिहून लावलं होतं. आकाशाची सुरुवातसुद्धा अशीच मागे मागे सरकते म्हणून. रस्त्याच्या दाराशी बाबा थांबले, मकरेकडे बघितलं आणि विचारलं की हा कुत्रा कुणाचा. अध्यक्षांनी मान खाली घातली. मावशी आपल्या दाराकडून पुढे आल्या, आणि बाबांकडे बघता बघता विंचवावर पाय देऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

बाबांनी वळून मला बोलावलं. मी मीनेपाशीच अडून राहिलो होतो. माझी रास मीन आहे, चंद्रावरूनही आणि सूर्यावरूनही. माझा विश्वास नाही, हे मी सांगितलंच आहे. पण माझ्या पायांना ते कुणी सांगितलं नव्हतं. मी उडी मारली. पलीकडे प्लास्टिकचा एक फाटका तुकडा पडला होता, त्यावर माझी टाच आली, आणि ज्या क्षणाबद्दल मी आयुष्यभर वाचत आलो तो क्षण मला आतून दिसला. लॉबी वाकडी झाली. छत खाली आलं.

कुणीतरी माझं कोपर पकडलं. मनगट बारीक होतं, एका बाजूला जरासं वाकडं जुळलेलं, पण पकड घट्ट होती.

"जपून," बाबा म्हणाले. "पडशील."